गंभीर नटाच्या विनोदी भूमिकेला हशा का मिळत नाही? लेस्ली नील्सनच्या निमित्ताने एक उत्तर

आपला प्रश्न मी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाचे आहे ते स्पष्ट राहील. आपण आठ-नऊ वर्षे हौशी रंगभूमीवर वकील, इन्स्पेक्टर, करारी वडील अशा भूमिका करत आला आहात. यंदा प्रथमच दिग्दर्शकाने एका विनोदी एकांकिकेत डॉक्टरची भूमिका दिली आहे, तालमीत आपण जिवापाड मेहनत घेत आहात आणि तरीही समोर बसलेली मंडळी हसत नाहीत. कोणीतरी आपल्याला कॅनडाच्या लेस्ली नील्सनचे उदाहरण दिले, की तो गृहस्थ तीस वर्षे गंभीर भूमिका करून चोपन्नाव्या वर्षी विनोदी नट झाला. त्याने नेमके काय शिकून घेतले, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर ते आपल्याला शिकता येईल की तो सगळा नशिबाचा भाग होता, असे आपण विचारले आहे.

मी गेली बावीस वर्षे एकांकिका बसवतो आणि नवोदितांना अभिनय शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या रूपांत वरचेवर येतो. आपल्या पत्रातील 'काय शिकून घेतले' या शब्दांपाशी मी थांबलो, कारण खरी अडचण तिथेच आहे. आपण असे धरून चालला आहात की विनोद ही एक वेगळी विद्या आहे आणि ती आपल्या मूळ अभिनयावर वरून चढवायची आहे. नील्सनची कारकीर्द बारकाईने पाहिली तर त्याने वरून काहीही चढवलेले नाही, असे दिसते. जे तो आधी करत होता तेच तो करत राहिला. त्याच्याभोवतीचे जग मात्र वेडे झाले.

आधी तो काय करत होता, हे पाहणे म्हणून आवश्यक आहे. त्याचा जन्म ११ फेब्रुवारी १९२६ रोजी सस्कॅचवान प्रांतातील रेजायना येथे झाला. वडील डेन्मार्कहून आलेले आणि कॅनडाच्या घोडदळी पोलिसांत, म्हणजे ज्यांना तिकडे 'माउंटी' म्हणतात त्या दलात, नोकरीला होते; त्यांच्या बदलीमुळे नील्सनच्या बालपणीचा काही काळ उत्तर ध्रुववृत्ताच्या अलीकडील एका एकाकी ठाण्यावर गेला. त्याचा थोरला भाऊ एरिक पुढे कॅनडाचा उपपंतप्रधान झाला. गणवेश, अधिकार आणि ताठ मान या गोष्टी नील्सनने घरातच पाहिल्या होत्या, हे मला त्याच्या पडद्यावरच्या उभे राहण्यात नेहमी जाणवते, अर्थात हा माझा तर्क आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस त्याने कॅनडाच्या हवाई दलात तोफची म्हणून प्रशिक्षण घेतले. नंतर टोरांटोत लॉर्न ग्रीन यांच्या नभोवाणी प्रशिक्षण संस्थेत आवाजाचे शिक्षण झाले आणि तिथून शिष्यवृत्तीवर तो न्यूयॉर्कच्या 'नेबरहुड प्लेहाउस' या नाट्यशाळेत गेला. सॅनफर्ड माइझनर हे नामवंत अभिनयशिक्षक जिथे शिकवत ती हीच संस्था. समोरच्या पात्राकडे खरोखर लक्ष द्या आणि हातातले काम खरोखर करा, हा त्या शिकवणीचा गाभा, आणि पुढच्या विवेचनात त्याचा संबंध येणार आहे.

त्या काळी अमेरिकन दूरचित्रवाणीवरील नाटके थेट प्रक्षेपित होत. एकट्या १९५० सालात नील्सनने अशा चाळीसहून अधिक कार्यक्रमांत काम केले. चूक झाली तरी पुन्हा घेण्याची सोय नाही, सहकलाकार वाक्य विसरला तर चेहऱ्यावरची रेषा न हलवता पुढे जायचे, अशी ती शाळा होती. मग एम.जी.एम. या हॉलिवूडच्या चित्रपटसंस्थेचा करार झाला आणि १९५६ मध्ये 'फॉरबिडन प्लॅनेट' या विज्ञानपटात तो अंतराळयानाचा कमांडर झाला. 'बेन-हर' या चित्रपटातील मेसाला या खलनायकाच्या भूमिकेसाठी त्याची चाचणीही झाली होती, परंतु ती भूमिका स्टीफन बॉइडला मिळाली. त्यानंतरची वीस-बावीस वर्षे मालिकांतील पाहुण्या भूमिकांत गेली. डॉक्टर, वकील, पोलीस अधिकारी, कर्नल आणि अधूनमधून खुनी. १९७२ च्या 'द पोसायडन ॲडव्हेंचर'मध्ये तो बुडणाऱ्या जहाजाचा कप्तान आहे आणि प्रचंड लाटेकडे पाहणारा त्याचा चेहरा अत्यंत विश्वासार्ह आहे. त्याचे नाव फार थोड्यांना सांगता आले असते, पण तो चेहरा पाहिल्यावर 'हा जबाबदार माणूस आहे' असे प्रेक्षकाला लगेच वाटत असे.

आता १९८० च्या 'एअरप्लेन!'कडे येऊ. जिम अब्राहम्स आणि डेव्हिड व जेरी हे झुकर बंधू, या विस्कॉन्सिनमधील तिघांनी तो लिहिला आणि दिग्दर्शित केला. त्याचा आधार १९५७ चा 'झीरो अवर!' हा पूर्णपणे गंभीर चित्रपट होता, आणि त्या चित्रपटाचे मूळ पुन्हा कॅनडातच सापडते, कारण तो आर्थर हेली यांनी कॅनडाच्या सी.बी.सी. वाहिनीसाठी लिहिलेल्या १९५६ च्या नाटकावरून तयार झाला होता. विमानात मासे खाल्लेल्या सर्वांना विषबाधा होते, वैमानिकही आडवे होतात, आणि एका मानसिकदृष्ट्या खचलेल्या माजी वैमानिकाला विमान उतरवावे लागते. या तिघांनी त्या चित्रपटाचे हक्कच विकत घेतले आणि कथानकाचा सांगाडा तसाच ठेवून त्यात विनोद भरला. स्टुडिओचा कल प्रसिद्ध विनोदी नट घेण्याकडे होता. या तिघांनी मात्र रॉबर्ट स्टॅक, लॉइड ब्रिजेस, पीटर ग्रेव्हज आणि डॉक्टर रुमॅकच्या भूमिकेसाठी लेस्ली नील्सन अशी माणसे निवडली, जी आयुष्यभर अशा चित्रपटांत गंभीर चेहऱ्याने वावरली होती. संगीतही एल्मर बर्नस्टाइन यांच्याकडून घेतले आणि ते संकटपटाला शोभेल असेच गंभीर आहे. विनोदाची पूर्वसूचना देणारा एकही सूर त्यात नाही.

आपण डॉक्टरची भूमिका करत आहात म्हणून रुमॅकचे दोन प्रसंग जवळून पाहू. पहिला सर्वांना ठाऊक असलेला. रुमॅक नायकाला विचारतो की हे विमान तुम्ही चालवून उतरवू शकाल का. नायक म्हणतो, तुम्ही नक्कीच गंभीरपणे बोलत नसाल. इंग्रजीत 'नक्कीच' या अर्थाचा 'शुअरली' हा शब्द आणि 'शर्ली' हे बाईचे नाव कानाला सारखेच लागतात. रुमॅक उत्तर देतो की मी गंभीरपणेच बोलतो आहे, आणि मला शर्ली म्हणू नका. विनोद म्हणून पाहिला तर हा शाळकरी पोरांचा श्लेष आहे. कागदावर वाचला तर आपण कदाचित स्मितही करणार नाही. तरीही अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या शंभर संस्मरणीय चित्रपट-वाक्यांच्या यादीत तो ७९ व्या क्रमांकावर आहे. नील्सनने ते वाक्य कसे टाकले आहे ते ऐका. आवाज चढत नाही, वाक्याआधी विराम नाही, भुवई हलत नाही. एका डॉक्टरला विमान वाचवायचे आहे आणि समोरच्या माणसाने त्याला चुकीच्या नावाने हाक मारली आहे, तेव्हा तो घाईत ती चूक दुरुस्त करून मूळ मुद्द्यावर परत येतो. त्याच्या लेखी तिथे विनोद झालेलाच नाही.

दुसरा प्रसंग मला अधिक शिकवून जातो. रुमॅक वैमानिकाच्या कक्षात डोकावतो आणि अत्यंत मनापासून सांगतो की तुम्हा दोघांना माझ्या शुभेच्छा, आमचा सगळा भरवसा तुमच्यावर आहे. काही वेळाने तो पुन्हा येऊन तेच सांगतो. विमान उतरल्यावर, सगळे संपल्यावरही तो येतो आणि शब्दशः तेच सांगतो. कच्च्या नटाने तिसऱ्या वेळी 'बघा, मी पुन्हा आलो' असा सूर लावला असता. नील्सनच्या आवाजात मात्र तिसऱ्या वेळीही पहिल्या वेळचीच कळकळ आहे. त्याला पुनरुक्तीची जाणीव नाही, आणि ती जाणीव फक्त प्रेक्षकाला आहे, म्हणून प्रेक्षक हसतो. त्याच्या वतीने हसण्याचे काम नटाने करून टाकले की प्रेक्षकाला काही उरत नाही, आणि आपल्या तालमीत बहुधा हेच घडत आहे.

हे मी पुस्तकी बोलत नाही. काही वर्षांपूर्वी मी एका एकांकिकेत पोस्टमास्तरचा प्रसंग बसवत होतो. कार्यालयाचे छप्पर गळते आहे आणि पोस्टमास्तर छत्री धरून एका बाईंचे रजिस्टर पार्सल घेतो, एवढाच प्रसंग होता. भूमिका करणारा नट चांगला होता, परंतु तो दर थेंबाला वर पाहायचा, तोंड वेंगाडायचा आणि मग प्रेक्षकांच्या दिशेने खांदे उडवायचा. पहिल्या तालमीत सगळे हसले, तिसऱ्या तालमीत कोणीही हसले नाही. मी त्याला सांगितले की उद्या तालमीला येऊ नकोस, पोस्टात जाऊन तासभर उभा राहा. तो गेला, आणि पार्सल काट्यावर कसे ठेवतात, पत्ता कसा पडताळतात, पावती कशी फाडतात, शिक्का कोणत्या जोराने मारतात, हे सगळे पाहून आला. त्यानंतर मी त्याला एकच सूचना दिली: छताकडे पाहायचे नाही, काम नियमाप्रमाणे पूर्ण करायचे. प्रयोगात नोंदवहीवर थेंब पडू लागले तेव्हा त्याने डोके वर न करता स्वतःच्या डोक्यावरची छत्री सरकवून नोंदवहीवर धरली आणि स्वतः भिजत 'पिनकोड सांगा' म्हणाला. त्या प्रयोगातला सर्वांत मोठा हशा तो होता. छत्री सरकवणे मी सांगितले नव्हते. वही कोरडी राहिली पाहिजे, हे त्याला आता पोस्टमास्तर म्हणून कळत होते.

आता ज्या गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत त्या मोकळेपणाने मान्य करायला हव्यात, कारण नील्सनचा मार्ग सरसकट सर्वांना लागू पडत नाही. पहिली बाब संहितेची. 'एअरप्लेन!'मध्ये पात्राभोवतीचे जग इतके विनोदांनी भरलेले आहे की नटाने स्थिर राहणे हेच त्याचे काम ठरते. डेव्हिड झुकर यांचा एक नियमच आहे की एका वेळी दोन विनोद केले तर ते एकमेकांना मारतात. मागे काही हास्यास्पद चालले असेल तर पुढच्या नटाने त्याकडे लक्ष द्यायचे नाही. आपली संहिता मात्र शब्दांपेक्षा स्वभावावर चालणारी असेल, म्हणजे आपला डॉक्टर मुळातच विक्षिप्त, घाबरट किंवा लोभी लिहिलेला असेल, तर नुसत्या स्थिर चेहऱ्याने भागणार नाही. तो घाबरटपणा किंवा लोभ खरोखर करावा लागेल. तत्त्व तेच राहते, की त्या माणसाला आपली भीती हास्यास्पद वाटत नाही, ती खरी वाटते. परंतु बाहेरून दिसणारा अभिनय पुष्कळ वेगळा असतो.

दुसरी बाब प्रेक्षकाच्या ओळखीची. अमेरिकन प्रेक्षकांनी नील्सनचा चेहरा तीस वर्षे संकटांत पाहिला होता, आणि ते भांडवल त्याच्या खात्यावर आधीच जमा होते. आपल्या गावातील प्रेक्षकांनी आपल्याला वकील आणि इन्स्पेक्टर म्हणून पाहिले आहे, हे मी आपल्या बाजूचे मानतो. आपण मात्र ते लपवायला निघाला आहात. 'मी गंभीर भूमिका करणारा असलो तरी विनोदही करू शकतो' हे दाखवण्याची धडपड सोडून द्या आणि मागच्या वर्षीच्या इन्स्पेक्टरच्या चालीने प्रवेश करा. तपासणीचा पहिला प्रश्नही त्याच जरबेने विचारा.

तिसरी बाब माध्यमाची, आणि इथे चित्रपट पाहून शिकणारे रंगकर्मी हमखास फसतात. चित्रपटात हशासाठी थांबता येत नाही, 'एअरप्लेन!'मध्ये एक विनोद ओसरायच्या आत दुसरा येतो आणि एखादा निसटला तरी तो पुन्हा पाहता येतो. रंगमंचावर हशा आला आणि आपण बोलत राहिलात तर पुढचे वाक्य वाया जाते. म्हणून थांबावे लागते. नट थांबला की त्याची नजर आपोआप प्रेक्षकांकडे जाते आणि 'आवडले ना?' असा भाव चेहऱ्यावर येतो; तिथे पात्र संपते. यावर माझा उपाय साधा आहे. थांबायच्या जागी हाताला काम द्यावे. डॉक्टर असाल तर स्टेथोस्कोप गुंडाळा, थर्मामीटर झटका, चिठ्ठीवर तारीख लिहा. हशा दोन सेकंद टिकला तर तारीख लिहून होईल, पाच सेकंद टिकला तर महिनाही लिहून होईल, आणि अजिबात आला नाही तरी रिकामी जागा दिसणार नाही.

नशिबाच्या प्रश्नाकडे आता वळतो. संधी नशिबाने आली हे खरे, कारण त्या तिघांनी विनोदी नट घेतले असते तर नील्सन कदाचित पाहुण्या भूमिका करतच निवृत्त झाला असता. परंतु त्यानंतरची वाटचाल सरळ नव्हती, आणि हा भाग बहुतेक लेखांत गाळला जातो. 'एअरप्लेन!' सुमारे ३५ लाख डॉलरमध्ये बनला आणि एकट्या उत्तर अमेरिकेत त्याने आठ कोटींहून अधिक कमावले. त्याच मंडळींनी १९८२ मध्ये ए.बी.सी. वाहिनीसाठी 'पोलीस स्क्वॉड!' ही मालिका केली. तिच्यात नील्सन फ्रँक ड्रेबिन हा पोलीस अधिकारी होता आणि ली मार्विनच्या जुन्या 'एम स्क्वॉड' मालिकेचे ते विडंबन होते. मालिका सहा भागांतच बंद पडली. वाहिनीच्या प्रमुखांनी दिलेले कारण प्रसिद्ध आहे: ती समजण्यासाठी प्रेक्षकाला पडद्याकडे पाहावे लागत होते. हे ऐकायला हास्यास्पद वाटते, परंतु त्यात तथ्य होते. मालिकेला ध्वनिमुद्रित हशाची जोड नव्हती, आणि कुठे हसायचे ते सांगणारे कोणीही नव्हते. छोट्या पडद्यासमोर जेवता-जेवता अर्धवट लक्ष देणाऱ्याला ती नुसती सपाट पोलीस मालिका वाटली असणार. नील्सनला त्या सहा भागांसाठी एमी या दूरचित्रवाणी पुरस्काराचे नामांकन मिळाले, आणि पुढे १९८७ पर्यंत तो गंभीर भूमिकाही करतच होता. तेच पात्र १९८८ मध्ये 'द नेकेड गन' म्हणून चित्रपटगृहात आले तेव्हा नील्सन बासष्ट वर्षांचा होता. अंधारात बसलेल्या, पडद्याकडेच पाहणाऱ्या प्रेक्षकाने तोच विनोद डोक्यावर घेतला आणि १९९१ व १९९४ मध्ये त्याचे पुढचे भाग आले. नट, पात्र आणि पद्धत तीच होती. म्हणूनच, चार सहकारी तालमीत हसत नाहीत, एवढ्यावरून स्वतःबद्दल निर्णय घेऊ नका. त्यांनी ते वाक्य वीस वेळा ऐकले आहे आणि त्यांचे अर्धे लक्ष चहाकडे आहे.

शेवटचा टप्पा थोडा अप्रिय आहे, तरी सांगतो. समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी नील्सनला विडंबनपटांचा लॉरेन्स ऑलिव्हिए (थोर ब्रिटिश नट) म्हटले होते, आणि ती पदवी योग्यच होती. परंतु नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात त्याला केंद्रस्थानी ठेवून जी विडंबने निघाली, 'स्पाय हार्ड' किंवा 'राँगफुली अक्यूज्ड' यांसारखी, त्यांत मला तो नट क्वचितच सापडतो. डोळे मोठे होतात, तोंड वाकडे होते, धडपडताना तो प्रेक्षकांची दाद मागतो. याचा सगळा दोष त्याला देणे अन्यायाचे होईल, कारण लेखनही पातळ होते. पण तो पडद्यावर आल्याबरोबर लोक हसू लागले होते, आणि ज्याच्याकडे पाहूनच हसू येते त्याला जबाबदार माणूस म्हणून कोण स्वीकारणार? उलट २००३ च्या 'स्केअरी मूव्ही ३'मध्ये डेव्हिड झुकर यांच्याच दिग्दर्शनात तो राष्ट्राध्यक्षाच्या छोट्या भूमिकेत आला, तेव्हा पुन्हा त्या जुन्या रुबाबाची झलक दिसली. आणि २०२५ मध्ये 'द नेकेड गन' नव्याने काढताना निर्मात्यांनी लियाम नीसन या मारधाडपटांतील करारी नटाची निवड केली.

नील्सनच्या मनात मात्र थट्टा आणि गंभीर चेहरा या दोन गोष्टींची गल्लत नव्हती. हातात लपवलेल्या एका छोट्या यंत्रातून अपानवायूचा आवाज काढून तो सहकलाकारांना आणि मुलाखत घेणाऱ्यांना छळत असे, आणि स्वतः निर्विकार चेहऱ्याने बसत असे. आपली पहिली तीस वर्षेच चुकीच्या भूमिकांत गेली, अशा अर्थाचे तो नंतर बोलत असे. तरीही क्लॅरेन्स डॅरो या वकिलावरचा एकपात्री प्रयोग घेऊन तो उतारवयात गावोगाव फिरला. २८ नोव्हेंबर २०१० रोजी फ्लोरिडात, वयाच्या ८४ व्या वर्षी त्याचे निधन झाले, आणि थडग्यावर त्याने 'लेट 'अर रिप' (म्हणजे 'होऊन जाऊ दे') या ज्या शब्दांची इच्छा धरली होती त्यांचा रोख त्या यंत्राकडेच आहे.

आपल्या प्रयोगाला तीन आठवडे आहेत, असे आपण लिहिले आहे. 'एअरप्लेन!'मधील रुमॅकचे प्रसंग एकदा आवाज बंद करून पाहा. कोणत्याही संकटपटातील डॉक्टर दिसेल. मग आपली तालीम मोबाइलवर चित्रित करा आणि तीही आवाज बंद करून, नाटकाबद्दल काही माहीत नसलेल्या एखाद्या नातेवाइकाला दाखवा, आणि हा माणूस काय करतो आहे एवढेच विचारा. तो 'रुग्ण तपासतो आहे' असे म्हणेपर्यंत वाक्यांच्या टायमिंगकडे वळू नका. नंतरचा आठवडा फक्त हशाच्या संभाव्य जागा शोधून तिथे हाताला काम लावण्यासाठी ठेवा, आणि रंगीत तालमीला हे नाटक कधीही न ऐकलेले दहा-बारा प्रेक्षक आणून बसवा. ते कुठे हसतात ते विंगेतील कोणाला तरी संहितेवर पेन्सिलीने टिपायला सांगा. त्या जागा आपण ठरवलेल्या जागांपेक्षा पुष्कळ वेगळ्या निघतील, असा माझा अनुभव आहे.